घर अमेरिकेचं पेटलं होतं, मग डॉलर का वधारला?

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली दीडशेहून जास्त वर्षं जुनी बँक बुडाली. ज्या बुडीत घरकर्जांमुळे हे संकट आलं ती अमेरिकेतली, ती वाटणाऱ्या बँका अमेरिकेतल्या, त्या कर्जांचे रोखे बनवून जगभर विकणारेही बहुतेक अमेरिकेतलेच. कुणालाही वाटेल की आता डॉलर आपटणार. झालं बरोबर उलटं. जुलै २००८ मध्ये एक युरो घ्यायला जवळजवळ १.६० डॉलर लागत होते, ऑक्टोबर संपता संपता १.२५ च्या आसपास पुरायला लागले. आणि ज्या दक्षिण कोरियाचा त्या घरकर्जांशी फारसा संबंधही नव्हता त्यांचा वॉन मात्र असा कोसळला की तिथल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

मला हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं की चलन म्हणजे देशाचं प्रगतीपुस्तक, देश चांगला चालला की चलन वर, देश बिघडला की खाली. शांत काळात, लांबच्या पल्ल्यात ह्यात थोडंफार तथ्य आहे. पण संकटात हे चित्र धरून बसलात तर काहीच कळणार नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो: हे चलन उद्या सकाळपर्यंत कुणाला काहीही करून मिळवावंच लागणार आहे? एवढा एक प्रश्न हातात ठेवला की बाकीचं बरंच आपोआप उलगडत जातं.

## आधी अगदी मुळापासून

चलनाचा भाव नेहमी दुसऱ्या चलनातच असतो. सी-सॉवर एक बाजू खाली गेली की दुसरी वर जाणारच, त्यामुळे जगातली सगळी चलनं एकमेकांच्या तुलनेत एकाच वेळी पडूच शकत नाहीत. अख्खं जग घाबरलेलं असतानाही कुठलं तरी चलन वर जातंच, आणि ते कुठलं हेच आपल्याला समजून घ्यायचंय.

दुसरी गोष्ट आकाराची. एप्रिल २०२२ मध्ये मोजणी झाली तेव्हा जगात रोज साधारण ७.५ लाख कोटी डॉलरची चलनं विकली-खरेदी केली जात होती आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. इतकी उलाढाल काही आयात-निर्यातीसाठी होत नाही, मालाचा व्यापार त्याच्यापुढे अगदी किरकोळ आहे. ही बहुतेक सगळी पैशाची ये-जा असते, कुणी कर्ज घेतंय, कुणी फेडतंय, कुणी रोखे घेतंय, कुणी विकतंय, कुणी भावातल्या चढउतारापासून स्वतःला वाचवतंय. म्हणून संकटात देश काय पिकवतो आणि काय विकतो ह्यापेक्षा पैसा कुठून निघून कुठे पळतोय ह्यावर भाव ठरतो.

## कर्ज कुठल्या चलनात आहे ते आधी बघा

अमेरिकेबाहेरच्या बँका, कंपन्या, सरकारं ह्यांनी डॉलरमध्ये प्रचंड कर्जं घेतलेली असतात, कारण तेल, धातू, धान्य, जहाजं ह्यांचे सौदे डॉलरमध्ये होतात आणि डॉलरमध्ये कर्ज देणारेही भरपूर सापडतात. २००८ च्या आधी युरोपातल्या मोठ्या बँका तर थोड्या मुदतीसाठी डॉलर उसने घ्यायच्या आणि वर्षानुवर्षांच्या मुदतीच्या रोख्यांत गुंतवायच्या. मुदत संपली की नवीन कर्ज काढून जुनं फेडायचं, सगळं सुरळीत असताना हे चालून जातं, कुणाला जाणवतही नाही.

मग लेहमन बुडाली आणि देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. प्रत्येकाचं एकच म्हणणं, माझे डॉलर आधी परत कर, बाकीचं नंतर बघू. हा संगीत खुर्चीचा खेळ समजा, गाणं थांबलं आणि खुर्च्या कमी निघाल्या. देणं डॉलरमध्ये असेल तर युरोचा ढीग असून उपयोग नाही, युरो विकून डॉलर घ्यावेच लागतात आणि ते आजच घ्यावे लागतात. भाव बघायला कुणाला वेळ नसतो. डॉलर वर गेला तो असा. अमेरिकेवरचा विश्वास वगैरे नंतर येतो (तोही होता, घाबरलेले लोक अमेरिकन सरकारी रोख्यांकडे धावलेच), पण पहिला धक्का कर्जफेडीचा होता.

## जहाजं बांधणाऱ्या कोरियाचं काय चुकलं?

हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ह्यात कुणी चोरी केली नव्हती की उधळपट्टी केली नव्हती.

कोरियात जगातली मोठमोठी जहाजं बनतात. ऑर्डर आज येते, जहाज दोन-तीन वर्षांनी तयार होतं आणि पैसे टप्प्याटप्प्याने डॉलरमध्ये मिळतात. आता जहाज बांधणाऱ्या कंपनीला भीती अशी की तोपर्यंत डॉलर स्वस्त झाला तर नफा गेला, म्हणून ती बँकेकडे जाऊन म्हणते, दोन वर्षांनी मिळणारे माझे डॉलर आजच ठरलेल्या भावाने विकत घे. ह्याला फॉरवर्ड सौदा म्हणतात, कंपनीच्या बाजूने बघितलं तर अगदी शहाणपणाचं काम. पण आता जोखीम बँकेकडे आली, मग बँक ती झटकायला परदेशातून थोड्या मुदतीचं डॉलर कर्ज काढते आणि ते डॉलर बाजारात लगेच विकून वॉन घेते. हिशोब जुळला, दोन वर्षांनी कंपनीकडून डॉलर येतील त्यातून कर्ज फेडायचं.

फक्त एक फट राहिली. डॉलर येणार दोन वर्षांनी आणि कर्जाची मुदत संपणार तीन महिन्यांत. दर तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन कर्ज देत राहील ह्या भरवशावर सगळा डोलारा उभा होता, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये ते कुणीतरी गायब झालं. बँकांची पळता भुई थोडी झाली, मिळेल त्या भावाने डॉलर घ्यायला लागल्या. २००८ च्या मध्यात एका डॉलरला हजार-साडेदहाशे वॉन मोजावे लागत होते, नोव्हेंबरात तो भाव दीड हजाराला भिडला. जहाजांच्या ऑर्डरी होत्या, कारखाने चालू होते, कामगार कामावर होते. देश आजारी नव्हताच, त्याला त्या आठवड्यात डॉलर कमी पडत होते एवढंच.

## पण परकीय गंगाजळी भरलेली असली की झालं ना?

हा प्रश्न हमखास येतो. गंगाजळी म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेने साठवलेली परकी चलनं आणि सोनं. उपयोग होतो, नक्कीच होतो. पण टाकीत पाणी किती हे नुसतं बघून चालत नाही, नळ किती उघडे आहेत आणि त्यातलं किती पाणी आधीच कुणाला कबूल केलंय तेही बघावं लागतं. जाणकार साधा हिशोब करतात, येत्या एका वर्षात परदेशी कर्जांची जेवढी देणी येतात निदान तेवढी तरी गंगाजळी हवी.

थायलंडने १९९७ मध्ये बाहतचा भाव एका डॉलरला साधारण २५ ला बांधून ठेवला होता. सट्टेवाल्यांनी हल्ला केला, म्हणजे बाहत पडणार ह्या अंदाजाने तो विकायचा सपाटा लावला, तेव्हा मध्यवर्ती बँकेने भाव टिकवायला पुढच्या तारखांचे सौदे करून भरमसाट डॉलर विकले. त्यामुळे जूनअखेरीस कागदावर गंगाजळी ३० अब्ज डॉलरहून जास्त दिसत होती पण त्यातले खरोखर मोकळे असे ३ अब्जही उरले नव्हते. २ जुलै १९९७ ला त्यांना बाहत मोकळा सोडावा लागला आणि जानेवारी १९९८ पर्यंत एका डॉलरला ५० च्या वर बाहत लागायला लागले. ज्या थाई कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलं होतं त्यांचं कर्ज, एक पैसाही जास्त न घेता, बाहतमध्ये दुपटीहून जास्त झालं.

कोरियाकडे तर २००८ मध्ये २०० अब्ज डॉलरहून जास्त गंगाजळी होती आणि तरीही वॉन पडत होता, कारण गंगाजळी दर महिन्याला कमी होताना दिसली की लोक अजून घाबरतात. वॉनला खरा आधार मिळाला तो दुसरीकडून. २९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या फेडने (म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेने) कोरिया, ब्राझील, मेक्सिको आणि सिंगापूर ह्या चौघांना प्रत्येकी ३० अब्ज डॉलरची स्वॅप लाइन दिली. स्वॅप लाइन म्हणजे दोन मध्यवर्ती बँकांमधला करार, तुमचं चलन आमच्याकडे ठेवा, आमचे डॉलर घेऊन जा, ठरल्या दिवशी परत करा. बातमी पोचल्यावर कोरियात एका दिवसात डॉलर १,४२७ वॉनवरून १,२५० वर आला. स्वतःकडचे २०० अब्ज जे करू शकले नाहीत ते ३० अब्जच्या करारानं केलं, कारण त्याच्या मागे डॉलर तयार करू शकणारी बँक उभी होती.

## अमेरिकेने एवढे डॉलर छापले, मग भाव पडायला नको?

छापले हे खरंच. फेडचा ताळेबंद ऑगस्ट २००८ मध्ये ९०० अब्ज डॉलरच्या आसपास होता, डिसेंबरपर्यंत २,२०० अब्जांच्या पुढे गेला. पुस्तकी नियमाने वस्तू मुबलक झाली की स्वस्त व्हायला हवी, पण नियमाची दुसरी बाजू मागणी आहे आणि ती पुरवठ्याहून वेगाने वाढत होती. नवीन डॉलर फिरतच नव्हते, प्रत्येक जण ते मुठीत धरून बसला होता. परदेशी मध्यवर्ती बँकांनी स्वॅपमधून उचललेली रक्कमच डिसेंबर २००८ मध्ये ५८० अब्जांच्या आसपास गेली होती.

मार्च २०२० मध्ये तर हे अजून उघडं दिसलं. कोविडच्या भीतीने कंपन्या, फंड, बँका सगळ्यांना रोख डॉलर हवे होते, त्यासाठी लोकांनी सोनं विकलं आणि अमेरिकन सरकारी रोखेसुद्धा विकले, जे एरवी तिजोरीतली सगळ्यात सुरक्षित वस्तू समजली जाते. मोठ्या चलनांच्या तुलनेत डॉलरचा निर्देशांक दहा-बारा दिवसांत ९५ वरून १०३ च्या घरात गेला. मग फेडने स्वॅप लाइन पुन्हा उघडल्या, बऱ्याच देशांना दिल्या, आणि डॉलर खाली यायला लागला. म्हणजे जास्त डॉलर आल्यावर भाव उतरला खरा, पण कमी पडत होते तिथे ते पोचल्यावरच.

## येन आणि स्विस फ्रँकचं काय? ह्यांच्यात कुणी कर्ज घेतं का?

घेतं, आणि भरपूर घेतं. जपानमध्ये अनेक वर्षं व्याज जवळजवळ शून्य होतं. मग गुंतवणूकदार येनमध्ये स्वस्त कर्ज काढून ते पैसे जास्त व्याजाच्या देशात लावायचे, ह्याला कॅरी ट्रेड म्हणतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात व्याजदर ७.२५ टक्के होता आणि जपानमध्ये अर्धा टक्का, मधला फरक म्हणजे नफा. जोपर्यंत येन महाग होत नाही तोपर्यंत. भीती पसरली की सगळे एकदम गुंतवणूक मोडून येन परत करायला धावतात, त्या धावपळीनेच येन वर जातो आणि उरलेल्यांची भीती वाढते. जुलै २००८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन डॉलरला शंभरहून जास्त येन मिळत होते, ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी साठच्या आसपास.

शिवाय जपान तीस वर्षांहून जास्त काळ जगातला सगळ्यात मोठा निव्वळ सावकार देश होता, म्हणजे त्यांचं जगाला देणं कमी आणि जगाकडून येणं खूप जास्त. संकटात अशा देशाचा पैसा घराकडे वळतो. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये तो भयंकर भूकंप आणि त्सुनामी आली, हजारो माणसं गेली, अणुभट्टीचं संकट समोर होतं, आणि सहा दिवसांत येन तेव्हाच्या विक्रमी उंचीवर गेला, एका डॉलरला फक्त ७६ च्या आसपास. जपानी कंपन्या नुकसान भरायला परदेशातला पैसा परत आणणार ह्या नुसत्या अंदाजाने. शेवटी सात मोठ्या देशांनी मिळून तो खाली आणायला हस्तक्षेप केला. प्रगतीपुस्तकाच्या चित्राने हे कधीच समजावता येणार नाही.

फ्रँकमधल्या कर्जाचं दुखणं हंगेरीतल्या साध्या कुटुंबांना विचारावं. तिथे घरासाठी लोकांनी फ्रँकमध्ये कर्जं घेतली होती कारण व्याज कमी पडायचं. समजा हप्ता ५०० फ्रँक. २००८ च्या मध्यात एका फ्रँकला साधारण १५० फोरिंट (हंगेरीचं चलन) लागायचे, म्हणजे हप्ता ७५ हजार फोरिंट. २०११ मध्ये फ्रँक २४० च्या पुढे गेला, तोच हप्ता १ लाख २० हजारांच्या वर. पगार फोरिंटमध्ये, तेवढाच. घर तेच, कर्ज तेच, आणि महिन्याचा हप्ता दीडपटीहून जास्त, ह्या माणसांनी कुठला सट्टा खेळला होता हो? त्यांना बँकेत कुणी नीट समजावूनच सांगितलं नसेल तर दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही.

## व्याजदर वाढवले की चलन सावरतं, हे तरी खरं ना?

कधी कधी. जास्त व्याज मिळतंय म्हणून पैसा थांबतो, पण लोकांना जर वाटलं की चलन उद्याच २० टक्के पडणार आहे तर वर्षाला १५ टक्के व्याज घेऊन करायचंय काय? स्वीडनने सप्टेंबर १९९२ मध्ये एका रात्रीच्या कर्जाचा दर ५०० टक्क्यांवर नेला होता, तरी नोव्हेंबरात त्यांना आपल्या क्रोनाचा बांधलेला भाव सोडून द्यावा लागला. त्याच सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाचा बांधलेला भाव टिकवायला एका दिवसात दर १० वरून १२ केला, १५ करू असंही जाहीर केलं, आणि संध्याकाळी हार मानली. बाजाराला दिसत होतं की मंदीत अडकलेला देश हे व्याज फार दिवस सोसू शकणार नाही.

कधी कधी तर व्याज वाढणं हेच घबराटीचं लक्षण असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटन सरकारने पैसा कुठून येणार हे न सांगता मोठी करकपात जाहीर केली, सरकारी रोख्यांवरचं व्याज उसळलं आणि पौंडसुद्धा पडला, १.०३ डॉलरपर्यंत. विश्वास असेल तर व्याज चुंबकासारखं काम करतं, नसेल तर तेच व्याज जोखमीची किंमत बनतं.

## मग रशियाचा रूबल कसा सावरला?

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य देशांनी निर्बंध घालून रशियाची जवळपास निम्मी गंगाजळी गोठवली. रूबल मार्चमध्ये एका डॉलरला १२० च्या पलीकडे पडला आणि जूनअखेर पन्नाशीच्या घरात आला, युद्धाआधीच्याही वर. बऱ्याच जणांनी ह्यावरून निर्बंध फसले असा निष्कर्ष काढला. पण रशियाने व्याजदर २० टक्के केला होता, निर्यातदारांना परकी कमाईतली ८० टक्के रक्कम विकून रूबल घ्यायला भाग पाडलं होतं, लोकांच्या पैसे बाहेर नेण्यावर बंधनं घातली होती, आयात कोसळली होती आणि तेल-गॅसचे पैसे मात्र येतच होते. रूबल विकायचे दरवाजे बंद आणि घ्यायची सक्ती, मग भाव वर जाणारच. दरवाजे बंद करून दिसलेला भाव आणि खुल्या बाजारातला भाव ह्यांची तुलना करू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

## चलन पडलं की निर्यात वाढते, मग घाबरायचं कशाला?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. त्यांचा डॉलर जुलै २००८ मध्ये अमेरिकन डॉलरच्या जवळजवळ बरोबरीला, ०.९८ ला होता आणि ऑक्टोबरअखेर ०.६० च्या आसपास आला. ही घसरण कुठल्याही मापाने भयानक आहे. तरी देश मंदीतसुद्धा गेला नाही, कारण त्यांचं परदेशी कर्ज बरंचसं स्वतःच्याच चलनात होतं किंवा भावबदलापासून आधीच सुरक्षित केलेलं होतं. चलन पडलं, निर्यातीला हात मिळाला, कर्जाचा बोजा मात्र वाढला नाही. गाडीच्या शॉकअब्सॉर्बरसारखं काम झालं.

आइसलँडमध्ये त्याच महिन्यात तीन मोठ्या बँका बुडाल्या, ज्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दहापट होता आणि देणी बहुतेक परकी चलनात. आइसलँडची मध्यवर्ती बँक क्रोना छापू शकत होती, युरो नाही. व्याजदर १८ टक्के केला, नोव्हेंबर २००८ मध्ये पैसा बाहेर जाण्यावर बंदी घातली आणि ती बंधनं पूर्ण उठायला मार्च २०१७ उजाडला. पुढे स्वस्त क्रोनामुळे पर्यटन आणि मासेमारीला फायदा झाला हेही खरं, पण मधली वर्षं तिथल्या लोकांनी सोसली.

## डॉलरचं हे स्थान कायमचं आहे का?

पौंडालाही एकेकाळी हेच स्थान होतं. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि ४.८६ डॉलरचा पौंड डिसेंबरपर्यंत ३.४० च्या आसपास आला, तरी त्याची जागा डॉलरने पूर्णपणे घ्यायला अजून बरीच वर्षं गेली. असं स्थान एका दिवसात जात नाही, कारण कर्जं आणि करार जुन्या चलनात लिहिलेले असतात.

एप्रिल २०२५ मध्ये मात्र एक वेगळी गोष्ट दिसली. अमेरिकेने जवळजवळ सगळ्या देशांवर मोठे आयातकर जाहीर केले, शेअर बाजार कोसळले, आणि अशा वेळी एरवी वर जाणारा डॉलर ह्या वेळी पडला, सोबत अमेरिकन सरकारी रोखेही विकले गेले. फ्रँक आणि सोनं वर गेलं. घबराट तीच होती पण त्या आठवड्यांत डॉलर फेडायची घाई कुणाला नव्हती, उलट परदेशी गुंतवणूकदारांकडे अमेरिकन शेअर आणि रोखे भरपूर होते आणि त्यांना डॉलर पडण्याची जोखीम कमी करायची होती, म्हणजे ते ह्या वेळी डॉलर विकणाऱ्यांच्या रांगेत होते. जगभरातली डॉलरमधली कर्जं अजूनही तेवढीच आहेत. पुढच्या वेळी देणाऱ्यांनी पुन्हा हात आखडता घेतला आणि फेडने स्वॅप लाइन उघडायला उशीर केला तर २००८ सारखी डॉलरची ओढाताण परत होऊ शकते.